डाव्या डोळ्यावरचं फडकं

सर, मी तुमच्यावर चिडले आहे. माणूस जाऊन वीस वर्षं उलटली की त्याच्यावर चिडायचं नसतं, दोन शब्द बरे बोलायचे आणि गप्प बसायचं, असं आपल्याकडे धरून चालतात. पण मला आता गप्प बसवत नाही. गेले दोन महिने मी या शहरात माझ्या मुलीला धनुष्यबाण कुठे शिकता येईल ते शोधत फिरते आहे, आणि जिथं जाते तिथं शेवटी तुम्हीच आडवे येता. तुमच्या वेळी या शहराला औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. रस्त्यांवर पूल आले, बजाजनगरात तर इतकी दुकानं झाली आहेत की तुम्ही तुमची गल्ली चुकाल. एवढं सगळं झालं, पण बारा वर्षांच्या मुलीच्या हातात धनुष्य देऊन नीट उभं कसं राहायचं ते सांगणारं माणूस सापडायला मला दोन महिने लागले.

सुरुवात एका रविवारी झाली. आम्ही आता पडेगावला राहतो. तिथून पुढे दौलताबादच्या रस्त्याला शेतांची रिसॉर्ट झाली आहेत. हुरडा, उंटावरून चक्कर, दोरीला लोंबकळणं, आणि एका कोपऱ्यात ‘धनुर्विद्या’ अशी पाटी. पाच बाण मारायचे आणि फोटो काढायचा. तिथला माणूस मुलांच्या मागे उभा राहून स्वतःच दोरी ओढायचा, मुलं नुसता हात लावून हसायची. माझी मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही सोडा, मी ओढते.” तो म्हणाला, “तुला नाय ओढायची, लई टाइट हाय.” तिने ओढली. दातओठ आवळून अर्धीच ओढली, बाण चार हातांवर जाऊन पडला, आणि ती वळून माझ्याकडे बघायला लागली. तो चेहरा मी ओळखते सर, त्याच चेहऱ्याने मी तुमच्या प्लॉटवर पहिल्यांदा उभी राहिले होते. घरी येताना स्कूटरवर मागून तिने विचारलं, “आई, हे खरंखुरं कुठं शिकवतात?” मी तोऱ्यात म्हणाले, “बघू की, एवढं मोठं शहर आहे.” त्या तोऱ्याची मला आता लाज वाटते.

सगळ्यात आधी मी तुमच्या कंपनीमागच्या आपल्या प्लॉटवर गेले. वेड्यासारखंच, कारण तिथं काही नसणार हे मला ठाऊक होतं. कंपनीची मागची भिंत तेवढी अजून आहे. प्लॉटवर पत्र्याची शेड उभी आहे, आत कॉम्प्रेसर धडधडतात, बाहेर टेम्पो लागलेले. वॉचमन म्हणाला, “काय पायजे मॅडम?” मी म्हटलं, इथं धनुष्यबाण शिकवायचे. त्याने माझ्याकडे आणि मग शेडकडे पाहिलं. “हितं? कव्हा?” काय सांगणार होते त्याला? पहिली पाळी सुटली की तुम्ही सायकलवर येता, कॅरेजला पोत्यात गुंडाळलेली दोन धनुष्यं, अंगावर कंपनीचाच निळा शर्ट. आम्ही सहा-सात पोरं भिंतीच्या सावलीत थांबलेली. तुम्ही प्रेस शॉपमधले फिटर. कंपनीच्या क्रीडा मंडळात ती दोन धनुष्यं धूळ खात पडली होती, कोणाला नको होती, म्हणून तुम्ही साहेबांच्या मागे लागून ती मिळवली. पंधरा दिवसांचं एक शिबिर करून आलात आणि त्या पंधरा दिवसांच्या बळावर आम्हाला शिकवायला लागलात. पॅकिंगच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक रचून, लोखंडी पट्टीने करकचून आवळून तुम्ही लक्ष्य बनवलं होतं. त्याच्यात बाण घुसल्यावर जो आवाज यायचा तसा मी पुन्हा कुठे ऐकला नाही. हे सगळं मी प्रेमाने लिहिते आहे असं समजू नका. मला फक्त सांगायचं आहे की एवढं सगळं स्वतःच्या हाताने उभं करणाऱ्या माणसाकडून माझी जास्त अपेक्षा होती.

मग दुकानं. जुन्या बाजारात खेळाचं सामान विकणारी चार दुकानं पालथी घातली. चारही दुकानांत भिंतभर ट्रॉफ्या. खेळायचं सामान कमी आणि जिंकल्यावर द्यायचं जास्त. एकाने उत्साहाने सांगितलं, “हौ, है ना मॅडम, आर्चरी है!” आणि आतून प्लास्टिकचा डबा आणला, बाणांच्या टोकाला रबराच्या वाट्या, काचेला चिकटणाऱ्या. “बच्चों का भोत सेफ है.” मी खरं धनुष्य मागितलं. तो म्हणाला, “वो इधर कौन लेताय? क्रिकेट चलता, कॅरम चलता. आप बोले तो मंगा देता, पण बाद में वापस लेव बोलना नक्को.” त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, तो निदान जे नाही ते नाही म्हणाला. मला संताप आला तो बाकीच्यांचा. दुकानदार, शेजारीण, कॉलेजातले माझे सहकारी, प्रत्येकाने मला अंगठा कापून दिलेल्या शिष्याची गोष्ट ऐकवली. त्या एका अंगठ्यापलीकडे या विद्येतलं कोणाला काही म्हणजे काही ठाऊक नाही, आणि तरी सगळ्यांना तिचा अभिमान.

फोनवरच्या नकाशात बायपासच्या बाजूला एक ‘धनुर्विद्या सराव केंद्र’ दाखवत होतं. पाच तारे दिलेले, खाली कोणीतरी ‘एकदम भारी’ असंही लिहिलेलं. मुलीला घेऊन गेले तर तिथं लॉन्स. हिरवा गालिचा, फुगे, कोणाच्या तरी साखरपुड्याची जेवणं चाललेली. मी गेटवर हुज्जत घातली. गेटवरचा माणूस बिचारा काकुळतीला येऊन म्हणाला, “ताई, नकाशा म्या काढलाय व्हय? कधीतरी होतं म्हणं, आता नाय. आलाच हायत तर जेवून जा.” माझी मुलगी हसायला लागली. मला हसू आलं नाही. भर उन्हात शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आणलेली पोर, आणि समोर जिलब्यांचं ताट.

शेवटी एक अकॅडमी सापडली. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. शाळेच्या मागच्या पटांगणावर तीन लक्ष्यं उभी केलेली आणि पंचवीस मुलं एका ओळीत. मला इतका आनंद झाला की मी गाडी स्टँडवर लावायची विसरले. तिथले सर तरुण, टोपी, गळ्यात शिट्टी, हातात फोन. त्यांनी मुलीकडे पाहिलंच नाही, मला विचारलं, “कितवीला हाय?” सातवी म्हटल्यावर म्हणाले, “मंग वेळ हाय अजून. आठवीपासून स्पर्धा खेळवू. ताई, तुम्हाला सांगतो, ह्या खेळाला गर्दी नाय. क्रिकेटला दहा जन्म गेले तरी नंबर लागायचा नाय. हितं दोन वर्षांत राज्यस्तर. दहावीला मार्क वाढत्यात, पुढं भरतीला कामाला येतंय.” शेजारी बाकावर बसलेल्या बाईंनीही मान डोलावली. त्यांचा मुलगा नेम कसा धरतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण कोणत्या स्पर्धेच्या कागदाला किती मान आहे ते तोंडपाठ होतं. सर, तुमच्या प्लॉटवर आम्हाला कागदाचा चिटोराही मिळाला नाही. तरी पाळी सुटल्यावर तुम्ही घरी न जाता आमच्याकडे यायचात, आणि आम्ही वाट बघत असायचो. त्या माणसाला हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, कारण माझी गरज होती.

मुलीला त्याने लगेच उभं केलं. उजव्या हाताने दोरी ओढायची, डाव्या हातात धनुष्य. तिने पाच बाण मारले, पाचही डावीकडे. पुन्हा पाच, पुन्हा डावीकडे, एक तर थेट शेजारच्या मुलाच्या लक्ष्यात. त्याने फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं, “डावा डोळा मीट. कामून उघडा ठेवतीस?” तिने मिटला. बाण सोडताना तो आपोआप उघडला, आणि बाण परत डावीकडे. “अगं मीट की! ध्यान कुठंय तुझं?” मी बाकावरून उठले आणि मुलीचा हात धरून तिला गाडीवर बसवलं. ती विचारत राहिली, काय झालं आई, काय झालं. मी गाडी सुरू केली. त्या टोपीवाल्या माणसाचा आवाज मला ऐकूच येत नव्हता. मला तुमचा ऐकू येत होता.

तुम्हाला आठवतं का ते? तुम्ही फिटर होता. मशीनचा शाफ्ट सरळ आहे की नाही बघायचं तर तुम्ही तो उचलून उजव्या डोळ्यासमोर धरायचा, डावा मिटायचा, आणि त्याच्या लांबीवरून नजर फिरवायचा. आयुष्यभर तेच केलेलं. नेम म्हणजे तुमच्या लेखी तेच, एक डोळा मीट आणि दुसऱ्याने बघ. शिबिरात कोणी तुम्हाला वेगळं सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल आणि तुम्हाला ते महत्त्वाचं वाटलं नसेल. बाकीच्या पोरांचं त्यात काही बिघडलं नाही. माझे बाण डावीकडे जायचे. तुम्ही खांदा तपासलात, पाय तपासलेत, बाण बदलून पाहिलात, माझ्या मागे गुडघ्यावर बसून माझं मनगट धरून ठेवलंत. मग एके दिवशी खिशातून कंपनीतलं हात पुसायचं फडकं काढलंत, त्याची पट्टी फाडलीत आणि माझ्या डाव्या डोळ्यावर बांधलीत. “आता बघ,” म्हणालात. बाण मध्ये लागला. तुमचा चेहरा असा फुलला की मी डोळ्यावरचं फडकं विसरले. त्या एका बाणाने तुमची खात्री पटली की खोट माझ्या डाव्या डोळ्यात आहे, आणि ती खोड मोडायलाच पाहिजे.

सर, वर्ष-दीड वर्ष मी ते फडकं बांधलं. त्याला मशीनच्या तेलाचा वास यायचा. डोळा लाल व्हायचा, संध्याकाळी डोकं दुखायचं, आई म्हणायची ही पोरगी रोज आंधळी कोशिंबीर खेळून येते. तरी मी बांधलं, कारण फडकं बांधलं की बाण लागायचे. जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या दिवशी तुम्ही सकाळी लवकर आमच्या दारात आलात, नवा शर्ट घालून. मैदानावर नाव पुकारल्यावर मी फडकं बांधायला लागले तर तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत. “सवय झाली आता. आता नको. लोक हसतील.” इतर मुली तयार उभ्या होत्या. मी डावा डोळा घट्ट मिटला. दोरी सोडताना तो उघडला. पहिला बाण डावीकडे, दुसरा डावीकडे, तिसरा मी रडत मारला तो कुठे गेला मला ठाऊक नाही. आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत, माझे वडील शेजारी उभे असताना, म्हणालात, “हिचं ध्यानच नाय. डोक्यात दुसरंच कायतरी हाय. दादा, पोरीला अभ्यासाला लावा.” दादा तुमचा शब्द खाली पडू देत नसत. त्यांनी मला अभ्यासाला लावलं. मी पॉलिटेक्निकला गेले, आता पॉलिटेक्निकातच शिकवते, माझं फार काही वाईट झालेलं नाही. पण मला जे एकच काम मनापासून करावंसं वाटलं होतं त्यात माझं मन नाही, असं तुम्ही चारचौघांत जाहीर करून टाकलंत.

लासूर स्टेशन गावातल्या शिकवणीची माहिती मला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मावशींनी दिली. त्यांच्या भावकीतली एक मुलगी, राज्याकडून खेळून आलेली, लग्न न करता घरी बसली आहे आणि रानात पोरांना काहीतरी शिकवते. काहीतरी म्हणजे काय ते त्यांना नीट ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी आम्ही रेल्वेने गेलो. बाजार समितीच्या मागे त्यांची पडीक रानाची पट्टी, एका टोकाला बारदानात चिंध्या गच्च भरून बांधलेली लक्ष्यं, मागे मातीचा उंच बांध, आणि दोरी लावून आखलेली रेघ. त्या रेघेच्या पुढे शेळीसुद्धा जाऊ देत नव्हती ती. बाण मारून झाल्यावर सगळ्यांनी एकदमच आणायला जायचं, एकटं कोणी नाही. हे पाहून माझा जीव भांड्यात पडला. पंचविशीतली मुलगी, पायात स्लीपर, ओढणी कमरेला खोचलेली.

तिने माझ्या मुलीच्या हातात धनुष्य दिलंच नाही. म्हणाली, “आधी हात कर असे.” दोन्ही तळहात पुढे करून अंगठ्यांच्या बेचक्यात एक लहानसं भोक ठेवायचं आणि त्यातून लांबचं काहीतरी बघायचं. “त्या टाकीवरचा कावळा दिसतोय? दोन्ही डोळे उघडे ठेव. आता उजवा मीट. हाय का कावळा?” “आहे.” “आता डावा मीट.” “गेला.” “झालं. तू डाव्या डोळ्याची.” एवढंच. चहाचा कप उचलायला लागतो तेवढा वेळ. मग ती मला म्हणाली, “मावशी, तुम्ही बी बगा की गंमत म्हणून.” मी हात पुढे केले. उजवा डोळा मिटला, कावळा होता. डावा मिटला, कावळा गेला. “तुमचा बी डावाच की! लेकीनं तुमचाच उचललाय,” ती हसून म्हणाली. “कधी मारलाय का बाण?” मी म्हटलं, मारला आहे, लहानपणी. “उजव्यानंच?” “उजव्यानंच.” “मंग कसा लागंल?” मी म्हटलं, डोळा झाकला की लागायचा. ती म्हणाली, “झाकून लागतोच की. पण चांगला डोळा झाकून वाईटानं बघायचं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?” मी म्हणाले, “असं होय! मला ठाऊकच नव्हतं.” तुमचं नाव सांगितलं नाही. नाव सांगितलं असतं तर तिने तुम्हाला नावं ठेवली असती, आणि ते मला चाललं नसतं. तो हक्क माझा आहे.

तिच्याकडे डाव्या हाताचं एकच धनुष्य होतं, कुठल्याशा स्पर्धेत परराज्यातल्या एका मुलीकडून जुनं घेतलेलं. माझी मुलगी आता उलटी उभी राहिली, उजव्या हातात धनुष्य, डाव्या हाताने दोरी. दोन्ही डोळे टक्क उघडे. पहिले बाण खाली मातीत गेले, बळ कमी पडत होतं. मग एक बारदानाच्या खालच्या कडेला लागला, त्याच्या शेजारी दुसरा, त्यांच्या जवळ तिसरा. मध्यभागी नव्हते, पण तिन्ही एका तळहाताखाली झाकले जातील एवढ्या अंतरात होते. ती ओरडली नाही की नाचली नाही. तिने शांतपणे विचारलं, “ताई, परत मारू?” मी बांधाच्या पलीकडे जाऊन तोंड धुतलं.

घरी आल्यावर मी कपाटातून तुम्ही दिलेली बोटांची पट्टी काढली. दोरीने बोटं सोलवटू नयेत म्हणून तुम्ही कंपनीच्या चामडी हातमोज्यातून ती कापली होती, माझ्या बोटांची मापं वहीवर उतरवून घेऊन, कडा घासून मऊ करून. मला वाटलं होतं मुलीला देईन. तिच्या डाव्या हातावर ती बसेना. तुम्ही ती उजव्या हाताच्या बोटांसाठी इतकी चोख कापली आहे की उलटीसुलटी कशीही करून बसत नाही. मग पुन्हा जुन्या बाजारातल्या त्या दुकानदाराला फोन लावला, डाव्या हाताचं धनुष्य मागवता येईल का म्हणून. तो म्हणाला, “लेफ्ट का? कायकू लफडे में पडते मॅडम, सीधे हाथ से सिखाव ना, बच्ची है, आदत हो जाती.” मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. सवय होते! माझ्या पोरीला ज्या डोळ्याने नीट दिसतं तोच डोळा मोडून काढायचा, कारण दुकानात, अकॅडमीत, प्लॉटवर, सगळीकडे उजवंच पडलेलं आहे, आणि एक वेगळी वस्तू मागवण्यापेक्षा एक पोरगी वाकवणं सगळ्यांना सोपं वाटतं. दुकानदाराला मी माफ करीन, त्या टोपीवाल्यालाही करीन, त्यांना त्यात रस नाही. तुम्हाला रस होता. तुम्ही पट्टी कापताना माझ्या बोटांची मापं घेतलीत, पुठ्ठ्याचं लक्ष्य चार वेळा बांधलंत, आणि माझा डोळा बघायला तुम्हाला कावळा दाखवायचंही सुचलं नाही. तुमच्याकडे पुस्तक नव्हतं, फोन नव्हता, दोनच धनुष्यं होती, दोन्ही उजवी, हे सगळं मला ठाऊक आहे. मला ते ऐकायचं नाही.

इथपर्यंत लिहून मी उठणार होते. पण वर लिहिलं आहे ते सगळं खरं असलं तरी अर्धंच आहे. लासूरच्या त्या मुलीसमोर मी ‘असं होय’ म्हणाले ते नाटक होतं.

चाचणीनंतरच्या आठवड्यात तुम्ही बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. धनुष्यं आमच्या घरी ठेवून गेला होता, कारण आमचं घर प्लॉटच्या सगळ्यात जवळ. दुपारी मी एक धनुष्य घेऊन एकटीच प्लॉटवर गेले. मला बाण मारायचे नव्हते, मोडायचे होते. खरंच सांगते, एक बाण मी गुडघ्यावर धरलासुद्धा होता. मग का कोण जाणे, मी धनुष्य उलटं केलं, वरचं टोक खाली, उजव्या मुठीत धरलं, बाण मुठीवरच टेकवला आणि डाव्या हाताने दोरी ओढली. डोळ्यावर फडकं नाही, डोळे मिटलेले नाहीत. बाण मध्ये लागला. दुसरा त्याला घासून. माझी मूठ सोलवटली, रक्त आलं, मी मारत राहिले. फडक्याशिवाय नेम लागणं दीड वर्षात जमलं नव्हतं, ते अर्ध्या तासात जमलं. नंतर मी सगळे बाण उपटले, पुठ्ठ्यावरची भोकं अंगठ्याने दाबून बुजवली आणि धनुष्य पोत्यात गुंडाळून ठेवून दिलं. मूठ दाराला लागली म्हणून आईला सांगितलं.

पॉलिटेक्निकला निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्याकडे आलात. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, तुम्ही उंबऱ्यापाशी पाटावर बसलात, चहाची बशी हातात. दादा बाहेर गेल्यावर तुम्ही हळू आवाजात विचारलंत, “पोरी, माझं काय चुकलं का गं? लई दिस झाले, डोक्यातून जात नाय. काय असंल तर सांग, मला राग नाय यायचा.” तुम्ही मला असं कधी विचारलं नव्हतं, कोणीच मोठ्या माणसाने मला कधी असं विचारलं नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी हसून म्हणाले, “नाही सर, तुमचं काय चुकणार?” मला धीर झाला नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले आहे. धीर होता. मला तुम्हाला ते कळू द्यायचं नव्हतं. तुम्ही माझ्याबद्दल चारचौघांत चुकीचं बोलला होतात, आणि तुम्ही तसेच चुकलेले राहावं, एवढंच मला हवं होतं.

त्यानंतर चार वर्षं तुम्ही त्या प्लॉटवर शिकवत होता. नवी पोरं येत होती. दादा फोनवर सांगायचे, सर आता आणखी एकीला तयार करतायत, तुझ्यासारखीच चुणचुणीत आहे, फक्त बाण जरा डावीकडे जातात म्हणे. मी “बरं” म्हणायचे आणि अभ्यासाचं काहीतरी बोलायचे.

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे मी त्याला पाठवणार नाही. काल माझ्या मुलीने विचारलं, “आई, तू का सोडलंस गं?” मी तिला सांगितलं, माझे सर चुकले.